पॅक सुकेपर्यंत

— हं हं हं, आता नाही बोलायचं. तोंड मीट. मीट म्हटलं ना! एकदा मुलतानी लागली की वीस मिनिटं ओठ हलवायचे नाहीत, नाहीतर इथे, इथे आणि इथे कायमच्या घड्या पडतात, मग सगळ्या बदलापुरात सांगत फिरशील, अंजनीने माझा चेहरा बिघडवला. काही सांगायचं असेल तर बोटं वर कर — एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. कळलं? — एक. शाब्बास. आता डोळे मीट, काकडी ठेवते. ही एक, ही दुसरी. तिसरी चकती मी खाते, सकाळपासून चहाशिवाय पोटात काही गेलेलं नाही.

हां, तर तू काय सांगत होतीस? अगं सांगू नको, मीच सांगते, ऐकलं ना मी सगळं, चप्पल काढायच्या आधीच तू सुरू झाली होतीस. काल मंगळवार, म्हणून तू नेहमीसारखी उल्हासनगरला गेलीस, कॅम्प दोनला, लालचंद शेठच्या फर्निचरच्या दुकानात. घरी नेहमीसारखं सांगून, मॅचिंगला जाते. — कमाल आहे हं तुझी, पद्मजा! चार वर्षं तू त्या एका मोरपंखी साडीच्या ब्लाउजपीसचं मॅचिंग शोधतेयस आणि घरात एकाला शंका नाही! नवऱ्यांना काय वाटतं कुणास ठाऊक, मॅचिंग म्हणजे काहीतरी बायकांचं, त्यात आपण पडायचं नाही. — तर तू दुकानात शिरलीस आणि बघतेस तर काय, तुझ्या सोफ्यावर एक बाई. डायनिंग टेबलाला दोघी, समोरासमोर, जसं काही आता कुणी वाढणारच आहे. आणि त्या कोपऱ्यातल्या सिंगल बेडवर, चपला काढून, पाय वर घेऊन, आमच्या चौथ्या मजल्यावरच्या इंदुबाई! आणि शेठ तुला बाजूला घेऊन म्हणाला, “दीदी, ये बदलापूर में हुआ क्या है? सब को सिंगल बेड देखने का है, लेने का किसी को नहीं.” मग तू तशीच माघारी फिरलीस. चार वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या तासात घरी. आणि सासूबाई म्हणाल्या, आज लवकर मिळालं वाटतं मॅचिंग? — हसू नको, हनुवटीला भेग पडतेय. हसत नाहीयेस? बरं.

आणि आता तुला एवढंच विचारायचंय की हे फोडलं कुणी. कारण तुझं हे मंगळवारचं गुपित अख्ख्या जगात तू सोडून एकाच माणसाला — बोट खाली. माझ्याकडे दाखवायचं नाही, एक किंवा दोन एवढंच ठरलंय आपलं. उठू पण नको! ओघळेल सगळं गळ्यावर, आणि तुझी ती आबोली ओढणी आहे, डाग जात नाही मुलतानीचा. झोप. हे बघ, म्हणूनच मी म्हटलं, आधी पॅक लावू, मग बोलू. मला वीस मिनिटं हवी होती ज्यात तू बोलणार नाहीस. आहे मी लबाड, माहितीये मला.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. माझ्या लेकरांची शप्पथ. सांगितलं नाही — वाचून दाखवलं. हे दोन वेगळं असतं. असतं की नाही? — दोन बोटं. बरं, नसेल.

ते अपॉइंटमेंटचं रजिस्टर आहे ना, लांबोडकं, लाल पाठीचं? ते पुढून अपॉइंटमेंटचं आहे. मागून कादंबरी आहे. सुलटं धरलं की कुणाचे आयब्रो किती वाजता, उलटं धरलं की पहिलं प्रकरण. गेल्या श्रावणात धरलं मी हे. डायला चाळीस मिनिटं लागतात, त्यात माझं एक पान होतं. मेंदीला दोन. आयब्रोवाली असली तर नुसता विचार करते, हातात दोरा असतो ना. ऐंशी पानं झाली, पद्मजा! मी! दहावीला निबंधात ‘माझी आई’वर सात ओळी लिहिणारी मी! आता पुढून अपॉइंटमेंट येतायत, मागून कादंबरी येतेय, दिवाळीपर्यंत मधे कुठेतरी दोघींची टक्कर होणार आहे.

आणि मी पक्कं ठरवलं होतं, पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही दाखवायचं नाही. तुला तर नाहीच नाही. का? अगं, नवरीचा मेकअप अर्धा झालेला असताना मी तिच्या आईला खोलीत घेते का कधी? एका डोळ्याला लायनर, दुसरा कोरा, केसांत वीस पिना उभ्या — आई बघते आणि किंचाळते, हे काय केलंत माझ्या पोरीचं! तेव्हा दार लावून घ्यायचं. झालं पूर्ण, लावली टिकली, की उघडायचं, मग तीच आई रडत तुझे हात धरते. अर्धवट दाखवण्यात शहाणपण नाही हे मला या धंद्यात पंधरा वर्षांत कळलंय. कळून काय उपयोग?

इंदुबाई आल्या डायला. डाय लावला, मी लिहायला बसले, तर म्हणे काय गं एवढं खरडतेस? मी म्हटलं काही नाही, हिशोब. म्हणे हिशोब लिहिताना कुणी एवढं गालात हसत नाही. आणि मला ना, त्या दिवशी एक शंका होती, की हे जे मी लिहितेय ते कंटाळवाणं तर नाही? म्हटलं एक पान वाचून बघू. डाय लावलेली बाई जाऊन जाऊन जाणार कुठे? वाचलं एक पान. मी म्हटलं संपलं. आणि त्या काय म्हणाल्या माहितीये? — “मग पुढे?” बस. एवढंच. पद्मजा, माझं लग्न झालं, दोन पोरं झाली, स्वतःच्या नावाचं पार्लर झालं, पण मला आजपर्यंत कुणी “मग पुढे?” म्हटलं नव्हतं. आमचे राजेंद्र तर मी बोलायला लागले की “थोडक्यात सांग” म्हणतात. त्या “मग पुढे”ने माझं डोकं फिरलं. मग मैत्रेयी आली, ती शाळेत शिकवणारी, तिला वाचून दाखवलं. मग ऋतिका, जिचं मार्गशीर्षात लग्न आहे, ती तर फेशियलचं पॅकेज संपलं तरी येते, म्हणते आंटी, खाली एक चॅप्टर और. मग अनुया. बायका डायची चाळीस मिनिटं झाली तरी उठेनात! एकीचे केस काळ्याचे निळे झाले.

आता तू विचारशील, कादंबरी कशाची. — विचारत नाहीयेस? मुठी का आवळल्यास?

हे बघ, तू ओळखू येणार नाहीस इतकं बदललंय मी. नाव शलाका ठेवलंय. तुझा तीळ डाव्या गालावर आहे, तिचा उजव्या गालावर केला. तू बदलापूरची, ती टिटवाळ्याची. तुझ्या वन बीएचकेत माणसं सहा, तिच्याकडे मी सात केली, एक आत्या वाढवली. बाकी तसंच आहे — दीर हॉलमध्ये, सासूबाई किचनच्या तोंडाशी, बाथरूममध्ये गेली तरी दोन मिनिटांत कुणीतरी बाहेरून “झालं का?” ती दर मंगळवारी मॅचिंगचं सांगून फर्निचरच्या दुकानात जाते, सोफ्यावर बसते, शेठचं थंड पाणी पिते, आणि एका घरासाठी सामान बघते जे घर नाहीचए. आणि पहिल्या दिवशी शेठने विचारलं, “डबल बेड दिखाऊं?” आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “सिंगल.” आणि ती स्वतःच दचकली.

हे तू मला इथेच सांगितलं होतंस. याच बेडवर, स्टीम घेताना. वाफेमुळे तुला वाटलं असेल मला दिसत नाहीये तू रडतेयस. तू म्हणालीस, मला कुणाला सोडायचं नाहीये अंजनी, नवरा चांगला आहे, पोरं चांगली आहेत, मला फक्त एक बेड हवाय ज्यावर दुसऱ्या कुणाचा हात येऊन पडणार नाही. त्या रात्री मी घरी गेले, पोळ्या केल्या, आणि मला दुसरं काही सुचेचना. म्हणून लिहायला घेतलं. चोरलं म्हण. म्हण, काही वाटणार नाही मला. — वाटेल, पण म्हण.

तर एवढी सगळी अक्कल लावून मी तुझं नाव बदललं, तीळ बदलला, गाव बदललं — आणि दुकान तसंच ठेवलं! काचेवर मोराचं स्टिकर, बाहेर लाल प्लास्टिकचा झोपाळा, शेजारी दालपकवानवाला, आत गेल्यावर उजव्या हाताला माशांची टाकी. कॅम्प दोनसुद्धा लिहिलं! का, तर मैत्रेयी म्हणाली होती, लेखनात तपशील अचूक हवेत. डोंबल माझं! इंदुबाईंनी तेवढ्यावरून बरोबर दुकान शोधून काढलं. पहिल्यांदा म्हणे नुसतं बघायला गेल्या, गोष्टीतलं दुकान खरं आहे की काय. बसल्या. शेठने पाणी दिलं. तासाभराने उठल्या आणि मला येऊन म्हणाल्या, अंजनी, साठ वर्षांत पहिल्यांदा मला कुणी पाणी दिलं आणि त्यानंतर “जेवायला काय आहे” विचारलं नाही. मग त्यांनी मैत्रेयीला नेलं. ऋतिका गेली — अगं तिचं अजून लग्न व्हायचंय आणि ती आत्तापासून सिंगल बेड बघतेय, तिच्या आईला कळलं तर माझं पार्लर जाळेल! कुणालाच माहीत नाही हं तू आहेस म्हणून. त्यांना वाटतं शलाका म्हणजे मीच. इंदुबाईंनी परवा माझा हात धरून सांगितलं, राजेंद्र वरवर शांत दिसतात पण तुला किती सोसावं लागत असेल गं. आणि तो माणूस घरी बसून माझ्या ब्लाउजची हुकं लावत होता!

आता तुला एक सांगते, चिडायचं नाही. आधीच चिडलेली आहेस, मग काय, सांगतेच. इंदुबाईंच्या आधी मी गेले होते. — होय. दिवाळीनंतर, सोमवारी, तू नसतेस म्हणून. लेखनासाठी गेले होते. टाकीत मासे किती ते मोजायचे होते. मोजले, सात. आणि मग जरा टेकले त्या बेडवर. तपशील अचूक हवेत ना. आणि पद्मजा, मला कळेना, माझ्या डोळ्यांतून पाणी का येतंय. मला काय कमी आहे? राजेंद्र इतके चांगले आहेत. तोच तर त्रास आहे! नोकरी सुटल्यापासून मी उठले की उठतात, मी बाजारात निघाले की पिशवी घेऊन दारात उभे, मी गप्प बसले की विचारतात “काय झालं?”, आणि काही नाही म्हटलं की “नाही, काहीतरी झालंय.” मी इथे पार्लरमध्ये एकटी असते असं तुला वाटतं, पण इथे दिवसभर माझ्या हातात दुसरीचा चेहरा असतो. त्या दिवशी माझे हात रिकामे होते, मांडीवर. मी नंतर तीनदा गेले. मासे मोजायला नव्हते गेले.

म्हणजे ऐक, ही मुळात तुझी गोष्ट होती, पण तिसाव्या पानानंतर ती शलाका माझ्यासारखीच बोलायला लागलीये. आणि आता अडलीये. ऐंशीव्या पानावर अडलीये, दोन महिने झाले, पुढे जात नाही. शेवट काय करायचा? इंदुबाई म्हणतात तिने बेड विकत घ्यावा, घरी न्यावा आणि नवऱ्याला खाली चटई टाकून द्यावी. मैत्रेयी म्हणते तिला नोकरी लाव, अंबरनाथला छोटा फ्लॅट घेऊन दे, सक्षमीकरण होईल. ऋतिका म्हणते शेठ का बेटा लाओ बीच में, हॅंडसमवाला. शेठचा बेटा! मी बघितलाय त्याला, कानात पेन्सिल घालून फिरतो. यातलं एकही खरं वाटत नाही मला. शलाका असलं काही करणार नाही. पण ती काय करेल ते मला माहीत नाही, कारण ते तुलाच माहीत आहे.

म्हणून मी आज ठरवलं, तुला अर्धवटच दाखवायचं. मघाशी मुलतानी कालवता कालवता विचार केला — पूर्ण करून दाखवलं तर तू काय म्हणणार? छान आहे, नाहीतर तोंड दाखवू नकोस. दोन्हीचा उपयोग नाही, तोवर सगळं लिहून झालेलं. आत्ता दाखवलं तर तू म्हणू शकतेस, हे काढ. हे खोटं आहे. हे जाळ. आणि मी जाळेन गं, खरंच जाळेन, फक्त पुढची आयब्रोची पानं फाडून ठेवते. कारण काल तू दुकानातून तशीच परत आलीस. आठवड्यातून तुझा स्वतःचा एवढा एकच तास होता. आणि तो मी प्रसादासारखा वाटून टाकला. कशासाठी? तर कुणीतरी “मग पुढे?” म्हणावं म्हणून. चुकलं माझं, पद्मजा. फार चुकलं.

हलू नको, अजून सात मिनिटं आहेत. — काकडी कशाला काढलीस? अगं — बरं, घे, रजिस्टर घे. उलटं धर. नाही, ते ऋतिकाचं वॅक्सिंग. उलटं. हां. शेवटचंच पान बघतेस? सुरुवातीपासून वाच ना, सुरुवात फार चांगली जमलीये, मैत्रेयीने टाळ्या — बरं, नाही बोलत. काय हवंय? पेन? पेन आत्ता होतं इथे... कशाला हवंय पेन? हे घे, आयब्रो पेन्सिल घे, ब्राऊन आहे पण उठते चांगली.

खोडतेयस? कुठलं खोडलंस, बघू? “शलाका बेडच्या कडेवर क्षणभर बसली, चादरीवरून हात फिरवला आणि उठली” — अगं हे तर माझं सगळ्यात आवडतं वाक्य आहे! हे वाचून अनुयाचा डाय डोळ्यात गेला होता! — बरं बरं, खोड. वर काय लिहितेयस? लांब धर, माझा चष्मा — हां. “बसली नाही. झोपली. पाऊण तास. शेठने न विचारता पंखा लावला आणि बाहेर स्टुलावर जाऊन बसला.”

— झोपलीस?

दुकानात? म्हणजे, खरंच झोप? पहिल्याच दिवशी? — एक बोट. आणि नंतर? दर मंगळवारी? — एक. चार वर्षं? पद्मजा, म्हणजे तू फर्निचर बघायला कधी जातच नव्हतीस! तू झोपायला जात होतीस. आणि शेठ चार वर्षं बाहेर बसून — आणि कुणाला एका शब्दाने बोलला नाही. मला तू एका वाफेत सांगितलंस तर मी ऐंशी पानं लिहून चार जणींना वाचून दाखवली, आणि तो माणूस, काही घेत नाही, देत नाही, नुसता पंखा लावतो आणि — थांब, मला जरा टेकू दे. मी टाकीतले मासे मोजत बसले गं. मूर्ख मी. सात मासे लिहिले आणि पंखा लिहिला नाही.

काय? रजिस्टर? हे तुझ्याकडे राहू दे म्हणतेस? पूर्ण होईपर्यंत कुणाला वाचून दाखवायचं नाही. — एक. इंदुबाईंनापण नाही? त्या विचारतील ना, मग पुढे — बरं. बरं. नाही. पण अपॉइंटमेंट मी कशात लिहू? — ठीक आहे, वहीत लिहीन. अजून हात पुढे का? पेन्सिल तर दिली. मुठीत काय फिरवतेयस — कुलूप? किल्ली? कशाची किल्ली? पार्लरची? अगं पण मंगळवारी पार्लर बंद असतं, मंगळवारी इथे कुणीच — अच्छा.

अच्छा.

घे. ही शटरची, ही आतल्या दाराची, आतली जरा उचलून फिरवायला लागते. आणि मी मंगळवारी यायचं नाही. — एक बोट. स्टॉक बघायलापण नाही? — दोन. नाही, म्हणजे, कळलं, यायचं नाही. घरी काय, मॅचिंगच सांगणार ना? — एक.

झाली वीस मिनिटं, थांब, कोमट पाणी आणते, पुसून — नाही? का? सुकलाय पूर्ण, तडकेल आता. — दोन. काकडी परत ठेवू? नवीन कापते. — ठेवली. आता काय? दाराकडे काय दाखवतेस? कोण आलं? कुणी नाही — मी? मी बाहेर जाऊ? अगं माझंच पार्लर आहे! बारा वाजता इंदुबाईंचा डाय आहे, त्यांना काय सांगू मी? — हं. दारातूनच परत पाठवते. राजेंद्र डबा घेऊन येतील, त्यांनापण पाठवते.

बरं, पंखा लावते. बाहेर स्टुलावर बसते.